पाळीमागची बेटे

भंडारा जिल्ह्यात बेट पाहायला चला, असे कोणाला म्हटले तर तो आधी नकाशा मागेल. दोन्ही समुद्र इथून शेकडो कोस दूर. वैनगंगा उन्हाळ्यात इतकी उतरते की काही ठिकाणी माणसे पायी पलीकडे जातात. तरीही बेटे आहेत, आणि ती पाहण्याजोगी आहेत. डोंगर आणि तलाव जिथे एकमेकांत शिरलेले असतात तिथे बेट व्हायला समुद्र लागत नाही. पाणी अडवले की टेकडीचा पायथा बुडतो आणि माथा तेवढा वर राहतो. इथली बेटे अशी झालेली आहेत, म्हणजे खरे तर ती माणसांनी केलेली आहेत. म्हणून या प्रदेशात बेट पाहायला निघालेल्याने आधी पाळ पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिच्यावर उभे राहिल्याशिवाय समोरच्या बेटाचा अर्थ लागत नाही.

सुरुवात नवेगावबांधपासून करू. हा तलाव आज गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पण १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तोवर तो भंडारा जिल्ह्याचाच होता, आणि भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा हे नाव मिळवून देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती साग-बांबूचे डोंगर आणि पाण्यात मालडोंगरी नावाची एक लहानशी टेकडी. तेच आपले बेट.

मालडोंगरी का उरली, हे कळायला इथली जमीन समजून घ्यावी लागते. पूर्व विदर्भाचा हा भाग फार जुन्या खडकांचा आहे. साकोलीच्या नावाने भूगर्भशास्त्रात खडकांची एक मालिकाच ओळखली जाते. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने मऊ खडक वाहून गेले, मैदान सपाट झाले, आणि कठीण खडकाच्या टेकड्या धानाच्या बांध्यांमधून एकेकट्या डोके काढून उभ्या राहिल्या. काही ठिकाणी त्या रांगेने आहेत आणि दोन टेकड्यांमध्ये अरुंद खिंड आहे. पाऊस वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटरच्या घरात पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे पाणी भरपूर, फक्त ते थांबत नाही. खिंड बुजवली की थांबते.

खिंड बुजवण्याचे हे काम कोहळी समाजाने केले. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिकडे तलाव बांधणारे लोक त्याने पाहिले आणि त्यांना आपल्या मुलखात आणून वसवले, अशी या समाजाच्या मूळची कथा सांगतात. कथेचा इतिहास काहीही असो, गोंड राजांचे धोरण मात्र आजही नवल वाटावे इतके सरळ होते: जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. राजाच्या खजिन्यातून पैसा जात नव्हता आणि बांधणाऱ्याला आपले श्रम पिढ्यान्पिढ्या फळणार याची खात्री होती. या एका व्यवस्थेतून पूर्व विदर्भात हजारो तलाव उभे राहिले. माजी मालगुजारी तलाव म्हणून ज्यांची सरकार-दरबारी नोंद आहे, असे साडेसहा हजारांहून अधिक आहेत.

कोहळ्यांजवळ दुर्बिणी नव्हत्या, पातळी मोजायची यंत्रे नव्हती. पहिल्या पावसाचे पाणी कुठून कुठे धावते, कुठे रेंगाळते, हे पाहत ते रान फिरत. त्यांनी हेरलेली एक गोष्ट आजच्या अभियंत्यालाही तशीच मान्य आहे. बांधावर येणारा पाण्याचा दाब पाणी किती खोल आहे यावर ठरतो. तलाव मागे किती लांब पसरला आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून दोन टेकड्यांमधली अरुंद जागा मातीने भरली, तिचा पाया रुंद ठेवला आणि माथा निमुळता केला, की तेवढीशी पाळ मैलभर मागे पसरलेले पाणी तोलून धरते. टेकड्या आयत्याच भिंती होतात. खरा धोका असतो तो पाणी पाळीवरून वाहण्याचा. मातीच्या बांधावरून पाणी एकदा उतरू लागले की तो काही तासांत कापला जातो. त्यासाठी सांडवा पाळीपासून बाजूला, जिथे कठीण खडक आहे तिथे काढायचा, म्हणजे पुराचे पाणी खडकावरून जाते आणि पाळीला शिवत नाही. पाण्याकडच्या अंगाला लाटांचा मार बसतो, तिथे दगड बसवायचे. ही सगळी विद्या तोंडी चालत आली. तिचे पुस्तक कोणी लिहिले नाही, पण ज्यावर तिची परीक्षा झाली ते तलाव शेकडो पावसाळे झेलून उभे आहेत.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि या सातजणींनीच कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली, असे लोक सांगतात. भूगोलाच्या भाषेत ही गोष्ट अगदी खरी आहे: त्या टेकड्या नसत्या तर एवढे पाणी कोणत्याही मातीने अडले नसते. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच देव केले. कोलासूर देव म्हणून त्यांचे ठाणे तलावावरच्या एका शिखरावर आहे. राजे आणि सेनापती यांची स्मारके आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्याने पाणी अडवले त्याला शेंदूर लावून पूजणारी जागा मी फार ठिकाणी पाहिलेली नाही, आणि नवेगावला जाणाऱ्याने तिथल्या बागेत वेळ घालवण्याआधी हे शिखर नजरेत भरून घ्यावे.

आता बेटाकडे. काठावरून मालडोंगरी झाडीने भरलेली एक गाठ दिसते, आणि एवढ्यासाठी का आलो, असे पहिल्यांदा वाटूही शकते. बेटाचे रूप ऋतूप्रमाणे बदलते, हे तिथे ध्यानात घ्यायचे. सप्टेंबरच्या शेवटी तलाव काठोकाठ असतो तेव्हा पाणी झाडांच्या बुंध्यांना लागते आणि बेट सगळ्यात लहान असते. पुढे धान निसवायला येते, पाऊस दगा देतो, आणि नहरातून पाणी सोडावे लागते. तलाव जसजसा उतरतो तसतसे बेट वाढते. त्याच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर आधीच्या पातळ्यांच्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या दिसतात. काठाकडेही हेच चालते. पाणी मागे हटले की ओल्या गाळात माणसे पेरणी करतात. त्याला गाळपेर म्हणतात. ऑक्टोबर आणि एप्रिल अशा दोन वेळा आलेल्या माणसाला एकाच तलावात दोन वेगवेगळी बेटे भेटतात.

पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. उत्तरेकडून चक्रवाक येतात, लालसरीचे थवे उतरतात. अडई, टिबुकल्या, कमळपक्षी आणि पाणकावळे तर घरचेच. पाणकावळ्याला बेटाचे महत्त्व माणसापेक्षा जास्त कळते. त्याची पिसे बदकासारखी पाण्यापासून सुरक्षित नसतात, बुडी मारून आला की ती भिजतात, म्हणून पंख पसरून वाळवत बसायला त्याला उघडा खडक किंवा वठलेली फांदी लागते, तीही अशा जागी जिथे रानमांजर किंवा कोल्हा मागून येणार नाही. सभोवती पाणी असलेला खडक यापेक्षा चांगला कुठे मिळणार? नाव सावकाश चालवली, आवाज केला नाही, तर हे सगळे पुष्कळ जवळून पाहता येते. बेटावर उतरण्याचा हट्ट मात्र धरू नये. एवढ्याशा जागेत दहा माणसांचा वावर अर्ध्या तासात सगळे उठवून लावतो.

लहान बेट किती नाजूक असते, हे जगाला धरणांनीच शिकवले. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली आणि १९१३ च्या सुमारास गातून सरोवर भरले, तेव्हा एका टेकडीचे बारो कोलोरादो नावाचे बेट झाले. १९२३ मध्ये ते संशोधनासाठी राखून ठेवले गेले आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे आले. तिथल्या जंगलाला कोणी कुऱ्हाड लावली नाही, तरी मूळ रानाशी संबंध तुटल्यामुळे कित्येक जातींचे पक्षी तिथून नाहीसे झाले. व्हेनेझुएलात कारोनी नदीवर गुरी धरण झाले, तिथे जॉन टरबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान लहान बेटांचा अभ्यास केला. सगळ्यात लहान बेटांवर मांसाहारी प्राणी उरलेच नाहीत. मग पाने कापणाऱ्या मुंग्या, माकडे, इग्वाना यांना आवर घालणारे कोणी राहिले नाही, त्यांची गर्दी झाली, आणि नवी रोपे वर यायची थांबली. शिकारी गेला आणि झाडाचे पोर मेले, इतका थेट संबंध त्यांनी दाखवून दिला. मोठ्या रानात हे घडायला पिढ्या लागतात, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही.

पनामातले बेट शंभरीच्या थोडे पुढे आहे, गुरीतली तर आपल्या हयातीतली. मालडोंगरी तीनशे वर्षांच्या आसपासची. तेव्हा कोणती झाडे इथे टिकली, कोणती काठावर आहेत पण बेटावर नाहीत, बेटावर कोणती नवी आली, याची साधी मोजदाद केली तरी ती मोलाची ठरेल. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका हिवाळ्यात करण्याजोगे हे काम आहे.

नवेगावचे रान आणि पाणी मराठी वाचकांच्या घरात आणले ते मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसाबरोबर हा तलाव आणि भोवतीचे रान त्यांनी पायाखाली घातले. पक्ष्यांची, माशांची, झाडांची स्थानिक नावे त्यांनी वेचली नसती तर त्यांतली कित्येक आज विरून गेली असती. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. राज्यात सारस पक्षी आज जवळपास फक्त या गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरले आहेत, तेही धानाची शेते आणि तलाव यांच्या आधाराने.

तलावांची मालकी मात्र मधल्या काळात बदलली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणे योग्यच होते. पण ज्यांच्या घरी पाळीची काळजी वाहिली जात होती त्यांचा तलावाशी असलेला धागा त्याबरोबर तुटला, आणि त्यांच्या जागी जी खाती आली त्यांच्याकडे एवढ्या तलावांचा गाळ काढायला माणसे नव्हती. काठाने बेशरम नावाची वनस्पती फोफावली. बेशरम वाढली की तिच्या मुळांत गाळ अडकतो, उथळ पाणी कोरडे पडते, आणि नेमक्या त्याच उथळ पाण्यात मासे अंडी घालत असतात.

हे नुकसान सगळ्यांत आधी ओळखले मासेमारी करणाऱ्या ढीवरांनी, कारण जाळ्यात येणारे मासे कमी झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गेल्या काही दशकांत या भागातल्या ढीवरांच्या मच्छीमार संस्थांबरोबर जे काम केले, ते पाहायला मी पर्यटकाला मुद्दाम वाट वाकडी करायला सांगेन. उन्हाळ्यात तलाव उतरला की बेशरम मुळासकट उपटायची, मातीची नांगरट करायची आणि पावसाआधी पाणवनस्पतींची रोपे लावायची. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढीवर स्त्री-पुरुषांना ठाऊक होतेच. कुठली पाण्याखाली राहते, कुठली अर्धी वर येते, कुठली तरंगते, याप्रमाणे काठापासून आत एकेक पट्टा लावला जातो. देवधान म्हणजे रानटी धान, ते परत आले की पाखरेही येतात. कमळ आणि शिंगाडा पाण्यावर दिसू लागतात. कतला-रोहूचे बीज सोडण्यापुरते मर्यादित झालेले तलाव अशा ठिकाणी पुन्हा मरळ, शिंगाळा यांसारख्या देशी माशांना जागा देऊ लागले आहेत.

आता वैनगंगेकडे, कारण भंडारा जिल्ह्यातले नवे पाणी आणि नवी बेटे तिथे आहेत. पवनी तालुक्यातल्या गोसे गावाजवळ गोसीखुर्द धरण आहे. त्याचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. बांधाची लांबी अकरा किलोमीटरच्या वर, दरवाजे तेहतीस. सुरुवातीचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे कित्येक पटींनी वाढला आणि २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. सपाट प्रदेशात नदी अडवली म्हणून बांध एवढा लांबला. जलाशयही त्यामुळे उथळ आणि अस्ताव्यस्त पसरलेला आहे. नाल्यानाल्यांत शिरलेले पाणी, मध्येच उंचवट्यांची सुटी पडलेली टोके, आणि पाण्यात उभी वठलेली झाडे, असे त्याचे रूप आहे.

हे पाणी सगळ्यात देखणे दिसते ते अंभोऱ्याला. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. खडकाळ टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि इथेच हरिनाथांची समाधी असल्याचे मानतात. हरिनाथ हे मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतले. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ च्या सुमारास रचला, तो याच वैनगंगाकाठी, असे विदर्भातल्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. मराठवाडा अंबेजोगाईचा हक्क सांगतो. तो वाद इथे सोडवायचे कारण नाही. मराठीतल्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एकाचे नाव या काठाशी जोडले गेले आहे, एवढे मनात ठेवून पायऱ्या चढल्या तरी पुरे. मंदिर नागपूर जिल्ह्याच्या काठाला आहे आणि पलीकडे भंडारा. दोन्ही काठ जोडणारा, सुमारे सातशे मीटर लांबीचा केबलवर तोललेला पूल आता झाला आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर उंच प्रेक्षक-सज्जा आहे. वर गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते पाण्यातून वर आलेले टेकड्यांचे माथे. नद्या कुठे संपतात आणि जलाशय कुठे सुरू होतो, हे तिथून सांगता येत नाही.

गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे. नावा येतील, धक्के होतील, हॉटेले होतील, आणि या जिल्ह्यातल्या तरुणांना त्यातून काम मिळणार असेल तर ते व्हायलाच हवे. चीनमध्ये झेजियांग प्रांतात शिनआन नदीवर १९५९ मध्ये धरण झाले आणि हजारावर टेकड्यांची बेटे बनली. आज ‘हजार बेटांचे सरोवर’ म्हणून तिथे लोक लोटतात. त्या पाण्याखाली दोन जुनी शहरे आहेत आणि सुमारे तीन लाख माणसांना तिथून उठावे लागले होते. तिथल्या पर्यटनात बुडालेल्या शहरांची गोष्ट आता उघडपणे सांगितली जाते. आपल्याकडेही ती सांगितली जावी. गोसीखुर्दखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावेच्या गावे गेली. मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली. ज्या उंचवट्याला आपण नावेतून बेट म्हणून दाखवू, तो कोणाच्या तरी गावाचे शिवार होता. तिथे कोणाचे तरी गुराखी बसत.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. नावेच्या प्रत्येक धक्क्यावर मोठ्या अक्षरांत फलक असावा: या पाण्याखाली कोणती गावे आहेत, ती कोणत्या वर्षी उठली आणि त्यांची माणसे आता कुठे राहतात. जलाशयात वर आलेल्या टेकड्यांना जुनीच नावे राहावीत. गावकऱ्यांना प्रत्येक उंचवट्याचे नाव तोंडपाठ आहे, आणि सांगणारी माणसे अजून आहेत. ती आहेत तोवर नावे लिहून घेतली पाहिजेत. आणि नाव वल्हवण्याचे, वाट दाखवण्याचे पहिले काम उठलेल्या गावांतल्या मुलांना आणि ज्यांचे नदीतले मासे गेले त्या ढीवरांना मिळावे.

अंभोरा पाहून एक दिवस हाती असेल तर पवनीला जावे. तिथला जुना खंदक आणि तट अजून ओळखता येतो. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख कोरलेले दगडी खांब सापडले. मौर्यकाळाच्या आसपास हे वैनगंगाकाठचे भरभराटीचे नगर होते. पवनीपासून धरण जवळच आहे. संध्याकाळी बांधावर जायचे असेल तर परवानगीची चौकशी आधी करावी, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडण्याच्या दिवसांत नदीच्या पात्रात खालच्या अंगाला मुळीच उतरू नये.